‘असे रुग्ण जिल्ह्यात आढळत नाहीत’ म्हणता, मग माझा भाऊ कोण? कोकणातल्या आरोग्य यंत्रणेला खुलं पत्र

प्रति,
कोकणातल्या सगळ्या जिल्ह्यांच्या आरोग्य खात्यातले अधिकारी, आणि आमच्या हॉस्पिटलात कुठली औषधं ठेवायची हे ठरवणारे सगळे

साहेब, मॅडम, नमस्कार.

मागच्या महिन्यात तुमच्यातल्याच एका ऑफिसातून मला पत्र आलं. मी पाच महिन्यांपूर्वी अर्ज दिला होता, त्याचं उत्तर. अर्जात दोनच गोष्टी होत्या. किडनी, लिव्हर असे अवयव बसवलेले किती लोक आपल्या जिल्ह्यात राहतात ते सांगा, आणि अशा माणसाला फुफ्फुसात बुरशीचं इन्फेक्शन झालं तर त्याची तपासणी आणि औषध जिल्ह्यातच मिळेल असं काहीतरी करा. उत्तर चार ओळींचं आहे. पहिल्याचं उत्तर, अशी नोंद ठेवली जात नाही. दुसऱ्याचं उत्तर, असे रुग्ण जिल्ह्यात आढळत नाहीत म्हणून मागणी करायची गरज नाही.

मी ते पत्र तीन वेळा वाचलं आणि भावाच्या फाइलमध्ये लावून टाकलं, त्याच्या सीटीच्या रिपोर्टच्या पुढे. आता ती दोन पानं एकमेकांना चिकटून आहेत. एका पानावर लिहिलंय उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात पोकळी, दुसऱ्यावर लिहिलंय असे रुग्ण नाहीत.

मोजत नाही, तपासत नाही, मग आढळणार कसे? मला एवढंच विचारायचंय, आणि ते चार माणसांसमोर विचारायचंय म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. कुठल्या जिल्ह्याचं ऑफिस, कुठलं हॉस्पिटल, हे मुद्दाम लिहीत नाही. एका साहेबांना किंवा एका डॉक्टरांना अडकवून आमचं काहीच भलं होणार नाहीये, आणि पालघरच्या माणसाने वाचलं काय किंवा सावंतवाडीच्या माणसाने वाचलं काय, दोघांनाही हे आपल्याच घरातलं वाटेल याची मला खात्री आहे.

आधी आमचं सांगते.

माझा धाकटा भाऊ, आता चाळिशीला आला. बीपी कधी तपासलंच नाही आणि कळलं तेव्हा दोन्ही किडन्या गेलेल्या. दोन वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिस केलं. मग फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईत ट्रान्सप्लांट झालं. किडनी आईची. आई तेव्हा एकसष्ट वर्षांची, आयुष्यात कधी हॉस्पिटलात ॲडमिट झालेली नाही, आमची बाळंतपणंसुद्धा घरीच. ऑपरेशनच्या आधी तिला चार-चार वेळा विचारलं जातं, कोणी जबरदस्ती केली नाही ना, कॅमेऱ्यासमोर विचारतात, ती प्रत्येक वेळी एकच सांगायची, माझ्याच पोटात होता तो, आता माझंच एक त्याच्या पोटात. किडनी बसवली आणि ती टेबलावरच काम करायला लागली. महिन्याभरात भावाचं क्रिएटिनिन, म्हणजे रक्तातला तो आकडा जो किडनी बिघडली की चढतो, १.३ वर आलं. घरी आला, वर्षभर छान गेलं.

मार्च २०२४ मध्ये क्रिएटिनिन चढलं, बायोप्सी झाली, थोडं रिजेक्शन निघालं, म्हणजे शरीर बसवलेल्या किडनीला नाकारायला लागलं होतं. तीन दिवस स्टेरॉइडची मोठी इंजेक्शनं दिली आणि किडनी परत रुळावर आली. हे मी का सांगतेय, तर ट्रान्सप्लांटवाल्या माणसाची प्रतिकारशक्ती गोळ्यांनी मुद्दाम खाली दाबून ठेवलेली असते, नाहीतर शरीर परक्या अवयवाला टिकू देत नाही. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन, ही तीन नावं आमच्या घरातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आणि रिजेक्शनची ट्रीटमेंट झाली की पुढचे काही महिने ती शक्ती अजूनच खाली जाते. म्हणजे इन्फेक्शनला दार उघडं. हे आम्हाला आज कळतंय. तेव्हा आम्ही पेढे वाटले, किडनी वाचली म्हणून.

मग मे महिना आला. आमची थोडी कलमं आहेत. मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपीत, आंबे पिकवायला अढी लावलेली होती, खाली पेंढा, वर आंबा, परत पेंढा, तुम्ही कोकणातले असाल तर सांगायला नको. भावाला जड काम मना होतं म्हणून तो बसून आंबे निवडायचा, पिकलेले वेगळे, डागी वेगळे. शेवटची अढी उपसली तेव्हा तळाचा पेंढा ओलावलेला होता, पांढरट हिरवी बुरशी धरलेली, त्याने तो दोन्ही हातांनी उचलून झटकला आणि बाहेर टाकला. मी दारात उभी होते. कवडशात ती धूळ वर चढताना मला दिसली, चांगली मिनिटभर खाली बसली नाही, आणि तो त्यातच बसून पुढची टोपली ओढत होता. तोंडावर काही नाही.

त्याच दिवशी इन्फेक्शन झालं असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. अस्परजिलस नावाची ही बुरशी सगळीकडेच असते, सडणाऱ्या पाल्यात, खतात, ओल्या भिंतीत, बांधकामाच्या धुळीत. तिचे कण दोन-तीन मायक्रॉनचे, डोळ्याला दिसत नाहीत, आणि इतके बारीक की नाकात अडकत नाहीत, सरळ फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात. तुम्ही-आम्ही रोज शेकडो कण श्वासातून घेतो आणि आपलं शरीर ते परस्पर संपवून टाकतं. माझ्या भावाचं शरीर ते करू शकत नाही, एवढाच फरक.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ताप. मग सुका खोकला, मग छातीत उजवीकडे टोचायला लागलं. एक्स-रेमध्ये वरच्या बाजूला डाग आला. बेडका तपासला, टीबीची सीबीनॅट निगेटिव्ह आली. तरी डॉक्टर म्हणाले डाग वर आहे, ताप आहे, वजन उतरलंय, टीबीच असणार, उशीर नको. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला गोळ्यांचं पाकीट हातात, फुकट. मी खरंच सांगते तेव्हा मला बरं वाटलं होतं. वाटलं बघा, सरकारी यंत्रणा किती पटकन हलते.

त्या डॉक्टरांवर माझा राग नाही. ते रात्री साडेअकराला फोन उचलायचे. आपल्या देशात टीबी आहे, ट्रान्सप्लांटच्या पेशंटला तर जास्तच होतो, सावली दिसली की टीबी आठवणारच. पण टीबीच्या त्या गोळ्यांत रिफाम्पिसिन असतं, आणि रिफाम्पिसिन पोटात गेलं की लिव्हर टॅक्रोलिमस भराभर फोडून टाकतं. म्हणजे भाऊ गोळी वेळेवर घेत होता, सकाळी आठ, रात्री आठ, एक दिवस चुकला नाही, आणि रक्तात मात्र औषध राहतच नव्हतं. टॅक्रोची लेव्हल तपासायची तर सकाळची गोळी घ्यायच्या आधी रक्त द्यायचं, जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये, मग ते सॅम्पल बाहेरगावच्या लॅबला जाणार, रिपोर्ट चार दिवसांनी. त्या आठवड्यात पावसाने दरड आली, सॅम्पल अजून दोन दिवस पडून. रिपोर्ट आला तेव्हा जिथे सातच्या आसपास असायची ती लेव्हल दोनवर होती आणि क्रिएटिनिन २.८.

अठराव्या दिवशी पहाटे तो मोरीत खोकत होता आणि आईने हाक मारली. पांढऱ्या फरशीवर रक्त. चमचाभर असेल. आईने पाणी ओतलं नाही, तशीच उभी राहिली, मला म्हणाली आधी बघ, मग धुते.

गाडी करून मुंबईला नेलं. त्या हायवेने नेलं, ज्याचं काम माझं लग्न झालं तेव्हापासून चालूच आहे. खड्ड्याखड्ड्याला तो छाती धरायचा. मुंबईत दोन दिवसांत निदान झालं. सीटी केला, दुर्बीण घालून फुफ्फुस धुऊन ते पाणी तपासायला दिलं, त्यात गॅलॅक्टोमॅनन पॉझिटिव्ह आलं, म्हणजे बुरशीच्या पेशीभित्तीतला पदार्थ सापडला, आणि कल्चरमध्ये अस्परजिलस फ्युमिगेटस वाढली. टीबी नव्हताच. अठरा दिवस आम्ही भलत्याच रोगाची औषधं खाऊ घातली, आणि बुरशी आपली निवांत वाढत राहिली.

पुढचं ऐका, कारण हे फारसं कोणाला माहीत नसतं. या बुरशीवर पहिलं औषध वोरिकोनाझोल. पण रिफाम्पिसिन त्यालाही फोडून टाकतं, आणि रिफाम्पिसिन बंद केलं तरी त्याचा असर जायला दोनेक आठवडे लागतात. म्हणजे योग्य रोग कळूनही योग्य गोळी लगेच चालू करता येईना. तेवढे दिवस अँफोटेरिसिनची सलाइन लावली, लिपोसोमल म्हणजे त्यातल्या त्यात सौम्य, तरी तेही किडनीला त्रास देणारंच. आणि मग वोरिकोनाझोल चालू केलं तर सगळं उलटं. ते टॅक्रोची लेव्हल चढवतं, म्हणून टॅक्रोचा डोस एक तृतीयांशवर आणायचा आणि दर दोन-तीन दिवसांनी रक्त तपासायचं. हे गावात बसून होण्यासारखं नाही. परळला काकांच्या एका खोलीत आम्ही अडीच महिने काढले. भाऊ, वहिनी, मी आळीपाळीने. गोळी दिवसाला दोन, जेवणाच्या आधी तासभर नाहीतर नंतर तासभर, दुधाबरोबर नाही, चहाबरोबर नाही. पहिल्या आठवड्यात त्याला भिंतीवर रंग हलल्यासारखे दिसायचे, घाबरून उठून बसायचा. उन्हात गेला की तोंड भाजल्यासारखं लाल. साडेचार महिने गोळ्या चालल्या, महिन्याचं बिल २० हजारांच्या वर, लेव्हलच्या टेस्टचे वेगळे.

भाऊ वाचला. फुफ्फुसात वण राहिला, चढणीला दम लागतो. क्रिएटिनिन २.१ वर येऊन थांबलं, १.३ वर परत गेलंच नाही. घरी आलो त्या दिवशी आईने मला मागीलदारी बोलावून हळूच विचारलं, “गो बाय, माझी किडनी बरी आसा मां?” मी हो म्हटलं. साहेब, मी आईशी खोटं बोलले, आणि ते खोटं बोलायची पाळी माझ्यावर का आली हे तुम्हाला कळावं म्हणून एवढं सगळं लिहिलं.

आता तक्रारी सांगते, आणि कोणालाही शिवी न देता सांगते.

पहिली तक्रार मोजणीची. टीबीचा एक पेशंट सापडला की त्याची नोंद निक्षय नावाच्या सरकारी पोर्टलवर होते, गोळ्या फुकट, नोव्हेंबर २०२४ पासून पोषणाचे महिन्याला १००० रुपये, आशाताई घरी येऊन गोळी घेतली का विचारते. मला याचं कौतुकच आहे. पण त्याच आशाताईच्या वहीत माझ्या भावासाठी रकाना नाही. आमच्या ट्रान्सप्लांटला महात्मा फुले योजनेतून मदत झाली, सरकारने ती रक्कम २०२३ मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाख केली, चांगलं केलं. म्हणजे सरकारने पैसे भरले तेव्हा आमचं नाव, गाव, तालुका सगळं लिहून घेतलं. ते नाव सरकारच्याच एका कॉम्प्युटरमध्ये आहे आणि जिल्ह्यातलं सरकार म्हणतं नोंद नाही. एवढा खर्च करून बसवलेली किडनी गावात येऊन कशी चाललीय हे बघणारं कोणीच का नाही, हे मला कळतच नाही.

दुसरी, सावली दिसली की टीबी. टीबीच्या गोळ्या देऊच नका असं मी म्हणत नाही, मी डॉक्टर नाही. पण ट्रान्सप्लांटवाल्या माणसाला रिफाम्पिसिन द्यायच्या आधी त्याच्या ट्रान्सप्लांट डॉक्टरांना एक फोन करायला काय लागतं? नंबर त्याच्या फाइलच्या पहिल्या पानावर असतो. रिफाम्पिसिनऐवजी रिफाब्युटिन वापरता येतं, टॅक्रोचा डोस बदलता येतो, हे त्या फोनवर दोन मिनिटांत ठरलं असतं. आणि बेडका टीबीला निगेटिव्ह आला तेव्हा त्याच बेडक्याचा एक थेंब पोटॅश टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीसाठी बघितला असता तर? त्याला केओएच म्हणतात, काचपट्टी आणि एक बाटली एवढाच खर्च. आता रत्नागिरीत, सिंधुदुर्गात, अलिबागला सरकारी मेडिकल कॉलेजं झालीत. जिथे मेडिकल कॉलेज तिथे मायक्रोबायोलॉजीचा विभाग, तिथे शिकवणारे आणि शिकणारे दोन्ही. जिल्ह्यातून आलेल्या सॅम्पलची केओएच आणि कल्चर तिथे का होऊ नये?

इथे एक गोष्ट मधेच सांगते. सगळी बुरशी एक नसते. २०२१ मध्ये ज्याला सगळे काळी बुरशी म्हणत होते ती म्युकर. वोरिकोनाझोल म्युकरवर चालत नाही, आणि गॅलॅक्टोमॅननच्या टेस्टमध्ये म्युकर दिसत नाही. कबुतरांच्या विष्ठेतून येणारी क्रिप्टोकॉकस आणखी वेगळी, तिची टेस्ट वेगळी. न्यूमोसिस्टिस म्हणून अजून एक आहे, ती होऊ नये म्हणून ट्रान्सप्लांटनंतर सहा महिने ते वर्षभर सेप्ट्रानची गोळी देतात. आणि नुसत्या रक्तातल्या गॅलॅक्टोमॅननवर किडनीवाल्यांमध्ये भरवसा ठेवता येत नाही, रक्त निगेटिव्ह येऊनही आत बुरशी असू शकते, म्हणून दुर्बिणीने धुऊन काढलेलं पाणी लागतं. म्हणजे अंदाजाने कुठलंतरी बुरशीचं औषध देऊनही भागत नाही. टेस्ट लागतेच. मी हे डॉक्टरांकडून, नर्सताईंकडून, वॉर्डात शेजारच्या बेडवरच्या माणसांकडून विचारून विचारून शिकलेय. मला हे शिकायला लागायला नको होतं.

तिसरी औषधाची. वोरिकोनाझोल काही नवलाईचं औषध नाही, २००२ पासून बाजारात आहे, आपल्या देशातल्या कंपन्याच बनवतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये त्याला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. त्याच संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये जगातल्या सगळ्यात घातक १९ बुरशींची पहिली यादी काढली, त्यात सगळ्यात वरच्या गटात चार नावं आहेत आणि त्यातलं एक अस्परजिलस फ्युमिगेटस. जगाने नाव घेतलेला रोग आहे. आणि आमच्याकडे डिस्चार्जनंतर दुसऱ्या पाकिटासाठी वहिनी तीन मेडिकलवर फिरली, शेवटी मुंबईहून रात्रीच्या बसच्या ड्रायव्हरकडे पाकीट दिलं आणि सकाळी सहाला स्टँडवर जाऊन घेतलं. या गोळीत खंड पडून चालत नाही.

आणि तुम्हाला जमत नाही असंही नाही. मे २०२१ आठवा. केंद्राने राज्यांना सांगून म्युकर हा कळवलाच पाहिजे असा आजार करून घेतला, प्रत्येक पेशंटची नोंद व्हायला लागली, अँफोटेरिसिनचा तुटवडा होता तेव्हा सरकारने ते आपल्या हातात घेऊन वाटलं. म्हणजे बुरशी मोजता येते, तिचं औषध जिल्ह्यापर्यंत पोचवता येतं, हे तुम्हीच करून दाखवलंय. तेव्हा पेशंट हजारोंनी होते, आता थोडे आहेत. थोडे आहेत म्हणून सोपं आहे, असं मला वाटतं.

चौथी तक्रार लिहिताना मला जास्त त्रास होतोय कारण हे मी गेल्या उन्हाळ्यात स्वतः बघितलं आणि हे अजूनही कुठेतरी चालू असणार. एका सरकारी हॉस्पिटलात डायलिसिसच्या खोलीला लागूनच जुनी भिंत फोडायचं काम चाललं होतं. जांभ्या चिऱ्याची भिंत, आत वर्षानुवर्षांची ओल. मधे आडोसा म्हणून काय, तर नर्सरीत लावतात ती हिरवी जाळी. बाकावर डायलिसिसचे पेशंट थांबलेले, त्यातले दोघं ट्रान्सप्लांटच्या नंबरात, आणि क्रिएटिनिनचं रक्त द्यायला आलेला माझा भाऊ. लाल धूळ त्याच्या काळ्या बॅगेवर बोटाने नाव लिहिता येईल इतकी बसली. हॉस्पिटलातल्या बांधकामाच्या धुळीतून अस्परजिलसची साथ पसरल्याची उदाहरणं जगभर नोंदलेली आहेत, म्हणून मोठ्या ठिकाणी काम काढायच्या आधी जाड प्लास्टिकने जागा सीलबंद करतात, राडारोडा झाकून आणि ओला करून नेतात, पेशंटची वाट बदलतात. जाळीच्या भोकातून डास जातो हो, दोन मायक्रॉनचा कण अडणार आहे का? मी तिथल्या इंजिनीअर साहेबांना हात जोडून सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, म्हणाले टेंडरमध्ये तसं काही नाही. खरं असेल त्यांचं. मग टेंडरमध्ये घाला.

पाचवी, भाषेची. मुंबईहून निघताना भावाला पुस्तिका मिळाली होती, इंग्रजीत. त्यात एक ओळ होती की बागकाम, माती, खत, बांधकाम टाळा. एक ओळ, तीही पान अकरावर. आणि बागकाम टाळा म्हणजे आमच्याकडे काय टाळायचं? आमचं घरच बागेत आहे. मागे गोठा, बाजूला उकिरडा, माळ्यावर गवत, पडवीत सुक्या पानांचा ढीग, जून ते सप्टेंबर भिंतीला, चपलेला, कपाटातल्या लुगड्याला बुरशी. वर्षाला ३००० मिलिमीटर आणि त्याच्या वर पाऊस पडतो इथे. शहरातल्या माणसासाठी लिहिलेली ओळ आमच्या कामाची नाही. आम्हाला कोणीतरी सरळ सांगायला हवं होतं की अढी उपसायची नाही, उडवीतलं गवत काढायचं नाही, शेणखत ओढायचं नाही, भात झोडताना तिथे थांबायचं नाही, भिंत खरवडून रंग काढत असतील तर त्या दिवशी शेजारी झोपायला जा, धुळीत जायलाच लागलं तर एन-९५ घाल, रुमाल नाही. आणि ताप आला तर वाट बघू नकोस, आणि कुठल्याही नव्या डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांग की माझं ट्रान्सप्लांट झालंय. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा पाणी ओसरल्यावर घराघरातून चिखल उपसत होते लोक, भिंती महिनोन् महिने ओल्या होत्या. त्यात कोणी असा अवयव बसवलेला माणूस असेल तर त्याला, बाबा तू या घरात राहू नकोस, असं सांगणारा एक तरी माणूस सरकारच्या यंत्रणेत असायला नको का?

आता मागण्या. जे आत्ता जमेल तेच मागतेय.

आमची नोंद करा. आमची परवानगी घेऊन मुंबई, पुणे, कोल्हापूर, गोवा जिथे ट्रान्सप्लांट झालं असेल तिथून जिल्ह्याला नाव कळू दे, आणि तालुक्याच्या डॉक्टरांकडे ती यादी असू दे.

ट्रान्सप्लांटच्या पेशंटला टीबीची औषधं चालू करायच्या आधी ट्रान्सप्लांट डॉक्टरांना फोन केला का, ही एक ओळ फॉर्मवर छापा, आणि टीबी निगेटिव्ह असेल तर बेडका बुरशीसाठी पाठवल्याशिवाय आणि सीटी केल्याशिवाय नुसत्या अंदाजावर पुढे जाऊ नका.

गॅलॅक्टोमॅनन आणि टॅक्रो लेव्हलची सॅम्पलं आठवड्यातून ठरलेल्या दोन दिवशी जिल्ह्यातून थंड डब्यात मोठ्या लॅबला जातील आणि रिपोर्ट मोबाइलवर येईल असं करा. लॅब इथेच काढा असं मी म्हणतसुद्धा नाही.

जिल्ह्याच्या ठिकाणी एका पेशंटला महिनाभर पुरतील एवढ्या वोरिकोनाझोलच्या गोळ्या आणि पहिल्या दोन-चार दिवसांचं लिपोसोमल अँफोटेरिसिन कायम ठेवा. मुदत संपत आली की मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलला द्या आणि नवीन घ्या, वाया जाणार नाही. ट्रान्सप्लांट योजनेतून झालं असेल तर नंतरच्या या इन्फेक्शनचा औषधखर्चही योजनेत घ्या.

हॉस्पिटलातलं तोडफोडीचं कुठलंही काम धूळ रोखायची सोय केल्याशिवाय चालू करू नका, आणि डायलिसिसच्या शेजारी तर अजिबात नाही.

आणि एक मराठी पत्रक काढा, एकच पान, आमच्या मांगराचं, गोठ्याचं, अढीचं नाव घेऊन लिहिलेलं. ते लिहायला माणूस नसेल तर मी लिहून देते, तुमच्या डॉक्टरांनी तपासून घ्यावं. पैसे नकोत.

या पत्राचं उत्तर मला लेखी हवंय, आणि आंबा काढायला लागायच्या आधी हवंय. भाऊ यंदा मांगरात पाऊल ठेवणार नाही, ते आम्ही बघून घेऊ, पण या किनाऱ्यावर अजून कितीजण आहेत ज्यांच्या पोटात कोणाच्यातरी आईची, बायकोची, नाहीतर ओळखपाळख नसलेल्या गेलेल्या माणसाची किडनी आहे आणि ज्यांना अढीचं कोणी सांगितलेलं नाही, ते मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही, तसं तुम्हीच लिहून दिलंय.

माझा पत्ता आणि फोन नंबर जुन्या अर्जावर आहे.

आपली नम्र,
एका किडनी दिलेल्या आईची मुलगी आणि ती किडनी घेतलेल्या भावाची बहीण